पानाच्या तळाशी

महापालिकेच्या संकेतस्थळाच्या अगदी तळाशी एक राखाडी पट्टी होती आणि तिच्यावर जरा गडद राखाडी अक्षरांत तीन दुवे होते. अटी व शर्ती. गोपनीयता धोरण. सुगम्यता. नवं संकेतस्थळ करायला घेतलेल्या कंपनीचा तरुण पहिल्याच बैठकीत तिला म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्ही कर आणि दाखल्यांची पानं आधी घ्या. ही तीन शेवटी कुठूनतरी उचलून टाकू. ऑडिटला लागतात म्हणून ठेवायची, बाकी कोणी वाचत नाही.’’

ती पेशाने अनुवादक. खरेदीखतं, भाडेकरार, निविदांचे कागद इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत करण्यात वीस वर्षं गेलेली. सव्वाशे पानांचा मजकूर सोप्या मराठीत लिहून द्यायचा, मुदत चार महिने, असं हे काम तिच्याकडे आलं होतं. तळाच्या तीन पानांसाठी तिने मनाशी दोन दिवस धरले होते. त्यांनी दोन महिने घेतले, आणि कराच्या पानांपेक्षा तीच तिला जास्त लक्षात राहिली.

जुनं अटींचं पान तिने उघडलं, तेव्हा तेही कधीतरी कुठूनतरी उचललेलंच निघालं. तिसऱ्या परिच्छेदात भलत्याच एका संस्थेचं नाव राहून गेलं होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की वाद उद्भवल्यास तो परराज्यातल्या एका शहराच्या न्यायालयाच्या अधिकारकक्षेत राहील. म्हणजे पाणीपट्टीच्या बिलावरून तक्रार असेल तर इथल्या माणसाने रेल्वेचं तिकीट काढायचं? न्यायालयात ते वाक्य टिकलं नसतं, हे उघड आहे. पण नऊ वर्षं ते महापालिकेच्या बोधचिन्हाखाली उभं होतं आणि कुणीही त्याला हात लावला नव्हता.

करारनामे करताना तिला एक सवय लागलेली. प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधायचा. घरमालक दुरुस्ती करील की भाडेकरू करील, हे वाक्यात दिसलं नाही तर भांडण ठरलेलं. सरकारी मराठीत मात्र कर्ता सापडत नाही, कारण तिचं सगळ्यात आवडतं क्रियापद ‘करण्यात येईल’ हे आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात येईल. तक्रारीची दखल घेण्यात येईल. आवश्यक त्या सुविधा उपलब्ध करून देण्यात येतील. तिने तिन्ही पानांच्या छापील प्रती काढल्या आणि अशा प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलीने तोच प्रश्न लिहिला: हे कोण करणार? तिन्ही पानं मिळून हा प्रश्न सत्तेचाळीस वेळा लिहावा लागला.

सुरुवात शीर्षकापासूनच झाली. ‘अट’ आणि ‘शर्त’ यांचा अर्थ एकच. शर्त हा शब्द अरबी-फारसीतून दरबारी कागदांत आला आणि अटीला चिकटून बसला. इंग्रजी जोडशब्दाला जोड हवी म्हणून आपण ती जोडी पुढे चालवली. तिने ‘वापराच्या अटी’ एवढंच ठेवलं. ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘तदनुषंगाने’ हे शब्द गेले आणि पान निम्म्यावर आलं. हे काम सोपं होतं, कारण त्यात कुणाला काही सोडून द्यावं लागत नव्हतं.

अडलं ते ‘अस्वीकृती’ या उपशीर्षकापाशी. त्याखाली लिहिलं होतं की या संकेतस्थळावरील माहितीच्या अचूकतेबाबत महापालिका जबाबदार राहणार नाही. विधी अधिकारी निवृत्तीला आलेले, शांत आणि सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, ‘‘हे सगळीकडे असतं हो. नसलं तर उद्या कोणीही दावा लावेल.’’ तिने त्यांच्यासमोर त्याच संकेतस्थळाचं दुसरं पान ठेवलं. कोणता दाखला किती दिवसांत, किती शुल्कात, कोणत्या अधिकाऱ्याकडे, त्याने नाही दिला तर अपील कुणाकडे, असा तो तक्ता. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार तो कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावावाच लागतो. ‘‘साहेब, हा तक्ता कायद्याने लावायचा आणि तळाशी लिहायचं की यावर विश्वास ठेवू नका? माणूस इथलं शुल्क वाचून तेवढेच पैसे घेऊन खिडकीवर आला, तर त्याला आपण काय दाखवणार?’’

विधी अधिकाऱ्यांनी तो कागद दोन दिवस ठेवून घेतला. परत दिला तेव्हा त्यावर त्यांच्याच अक्षरात वाक्य होतं: ‘या संकेतस्थळावरील सेवा, शुल्क आणि मुदती यांची माहिती महापालिका स्वतः देते. तिच्यात चूक आढळल्यास पुढील अधिकाऱ्यास कळवावे.’ बाहेरच्या संकेतस्थळांचे दुवे, नकाशे आणि जुन्या ठरावांचा संग्रह यांच्यापुरती सावधगिरीची सूचना वेगळी काढली होती. मथळ्यातला ‘अस्वीकृती’ हा शब्दही त्यांनीच खोडला होता.

खरी परीक्षा दुसऱ्या पानावर होती.

‘गोपनीयता धोरण’ या शब्दावर ती बराच वेळ थांबली. मराठीत गोपनीयता म्हणजे आतली गोष्ट बाहेर न जाऊ देणं. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात ती सरकारची गुपितं राखण्यासाठी. कार्यालयात ‘गोपनीय’ असा शिक्का असलेली फाईल लोकांपासून दूर ठेवायची असते. इथे मात्र उलटं आहे. गोष्ट लोकांची आहे आणि ती कार्यालयापासून, कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या वाटांपासून राखायची आहे. त्याला मराठीत खासगीपणा म्हणतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने जो मूलभूत हक्क मान्य केला, तो या खासगीपणाचा. दुव्याचं नाव नमुन्यात ठरलेलं, ते बदलता आलं नाही. पण पानाचं पहिलं वाक्य तिने लिहिलं, ‘तुमची खासगी माहिती आम्ही कशी हाताळतो, ते येथे सांगितले आहे.’

जुन्या पानाचं पहिलं वाक्य होतं: ‘हे संकेतस्थळ आपल्याकडून कोणतीही वैयक्तिक माहिती गोळा करत नाही.’ संकेतस्थळ नुसतं वाचायचं होतं, तेव्हा कदाचित ते खरं असेल. आता त्यावरून विवाह नोंदणी होत होती, नळजोडणीचे अर्ज भरले जात होते, कर भरला जात होता. तिने एक तक्ता आखला. अर्जाचं नाव, अर्जात काय विचारलं आहे, ते कशासाठी, कुणाच्या टेबलावर जातं, किती दिवस राहतं. एकेक विभाग फिरून तो भरायला तिला तीन आठवडे लागले. ‘कशासाठी’ या रकान्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार करायच्या अर्जात आधार क्रमांक सक्तीचा होता. तिने कनिष्ठ अभियंत्यांना विचारलं, ‘‘खड्डा बुजवायला आधार कशाला लागतो?’’ त्यांनी स्वतःचा फोन काढून अर्ज पाहिला आणि म्हणाले, ‘‘मला तो कधीच दिसत नाही. माझ्याकडे फक्त पत्ता आणि फोटो येतो.’’ म्हणजे तो क्रमांक घेतला जात होता, साठत होता आणि कुणालाही लागत नव्हता. आधी कुठल्यातरी अर्जावरून हा अर्ज तयार केला, तेव्हा तो रकाना तसाच राहिला होता, एवढंच त्याचं कारण.

अशी माहिती साठली की काय होतं, हे तिला दिव्यांग कल्याणाच्या यादीने शिकवलं.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. त्यातून उपकरणं आणि अर्थसाहाय्य दिलं जातं. कुणाला दिलं ते जाहीर करावं लागतं, आणि ते योग्यच आहे. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगितलं आहे. पण संकेतस्थळावरच्या यादीत नाव आणि रक्कम यांच्या जोडीला मोबाइल क्रमांक होता, बँक खात्याचा क्रमांक होता, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी होती. ‘मानसिक आजार, ६० टक्के’ असं एका बाईच्या नावापुढे लिहिलेलं होतं. त्या बाईच्या घराशेजारी, तिच्या मुलीच्या सासरी, कुणीही ते उघडून वाचू शकत होतं.

तिने विभागाला पत्र दिलं. विभागाने तत्परतेने रकाने काढले आणि नवी फाईल चढवली. तिने ती उघडली. नाव, प्रभाग, योजना, रक्कम, एवढंच दिसत होतं. मग तिचं लक्ष वरच्या अक्षरांकडे गेलं. ए, बी, सी, डी आणि त्यानंतर थेट के. मधली अक्षरं कुठे गेली? तिने माउसचं उजवं बटण दाबलं, ‘अनहाइड’ निवडलं आणि सगळे रकाने जागेवर परत आले. मोबाइल, खातं, प्रकार, टक्केवारी. लिपिकाने ते पुसले नव्हते, मिटवून ठेवले होते. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. छापील कागदावर रकाना दिसला नाही म्हणजे तो नाही, हे त्याला माहीत होतं. फाईल कागदासारखी नसते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तिने त्याच्या शेजारी बसून रकाने खरोखर काढले आणि मग फाईल चढवली.

तोवर उशीर झाला होता. त्या यादीतल्या एका गृहस्थांना ‘तुमचं अनुदान अडकलंय, ओटीपी सांगा’ असा फोन येऊन गेला होता. फोन करणाऱ्याला त्यांचं नाव, योजना आणि खात्याचे आकडे ठाऊक होते, म्हणून त्यांना तो खरा वाटला. तो माणूस माहिती कुठून घेऊन आला हे सिद्ध झालं नाही. तिला मात्र त्यानंतर ‘माहिती सुरक्षित ठेवण्यात येईल’ हे वाक्य लिहिणं शक्य झालं नाही. तिने लिहिलं की लाभार्थ्यांच्या याद्यांत केवळ नाव, प्रभाग, योजना आणि रक्कम प्रसिद्ध होईल, आणि यादी चढवण्यापूर्वी ती तपासण्याची जबाबदारी समाजविकास अधिकाऱ्यांची राहील. त्या एका वाक्यासाठी समाजविकास अधिकाऱ्यांची सही आणायला बारा दिवस गेले.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. बरीचशी कलमं टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. पण त्यातल्या दोन गोष्टी भाषेच्या माणसासाठी महत्त्वाच्या आहेत. माहिती का घेतली जाते याची सूचना साध्या, स्पष्ट भाषेत द्यायची. आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ठेवायची. म्हणजे समजेल अशा मराठीत सांगणं आता कुणाच्या आवडीनिवडीवर राहिलेलं नाही. याच कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात व्यक्तीसाठी सर्वत्र स्त्रीवाचक सर्वनाम वापरलं आहे, व्यक्ती कोणत्याही लिंगाची असो. ते वाचून तिला आपल्या अर्जांखालचं ठरावीक वाक्य आठवलं: ‘मी असे घोषित करतो/करते की’. मराठीत क्रियापदच लिंग विचारतं, त्यामुळे सर्वनामाने प्रश्न सुटत नाही. तिने सगळ्या अर्जांतून ते वाक्य काढलं आणि लिहिलं, ‘मी दिलेली माहिती खरी आहे.’ तिरपी रेघ गेली आणि वाक्य सरळ झालं.

ती तिरपी रेघ कानाला खटकते, हे तिला आधी कुणी सांगितलं असेल, तर ते महापालिकेच्या दूरध्वनी कक्षातल्या दादांनी. ते जन्मापासून दृष्टिहीन. सत्तावीस वर्षं महापालिकेचे फोन त्यांच्या हातून गेले होते. विभागांचे अंतर्गत क्रमांक सगळे तोंडपाठ. ‘सुगम्यता’ पानावर स्क्रीन रीडरची, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालींची, यादी होती, ती बरोबर आहे का हे विचारायला ती त्यांच्याकडे गेली. यादी ऐकून ते म्हणाले, ‘‘ताई, यातला विंडो आइज कधीच बंद पडला की. २०१७ ला. मी एनव्हीडीए वापरतो. फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन पोरांनी केला, दोघेही आंधळे.’’ मग त्यांनी खुर्ची सरकवली. ‘‘बसा. तुमचं नवं संकेतस्थळ ऐकूया.’’

त्यांनी स्पीकर लावला आणि वेग कमी केला. एरवी ते इतक्या वेगाने ऐकतात की तिला एक शब्द कळला नसता. एक कळ दाबली की शीर्षकावरून शीर्षकावर, दुसरी दाबली की दुव्यावरून दुव्यावर. मुख्य पानावर त्यांनी दुव्यांची यादी काढली. यंत्र बोलू लागलं. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. अधिक वाचा. येथे क्लिक करा. दादा म्हणाले, ‘‘गावात सगळ्या घरांवर ‘घर’ अशी पाटी लावल्यासारखं आहे.’’ तिने मान खाली घातली, कारण त्यातले निम्मे तिने लिहिले होते. डोळ्याने वाचणाऱ्याला त्या शब्दांआधीचं वाक्य दिसतं. कळीने उड्या मारत जाणाऱ्याला फक्त दुवा ऐकू येतो.

ते जन्मदाखल्याच्या अर्जावर गेले. यंत्र म्हणालं, ‘‘एडिट, ब्लँक.’’ पुढची कळ. ‘‘एडिट, ब्लँक.’’ रकान्याच्या शेजारी ‘बाळाचे नाव’ असं छापलं होतं, पण ते रकान्याशी जोडलेलं नव्हतं. अंदाजाने भरत ते शेवटपर्यंत आले. तिथे चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची होती. आवाजाची सोय नव्हती. दादांनी हात उचलून मांडीवर ठेवले. ‘‘इथून पुढे मला शेजारच्याला बोलवावं लागतं. बँकेचं असेल तर बँकेची माहिती त्याच्यासमोर. औषधाचं असेल तर ते त्याच्यासमोर.’’

सुगम्यता आणि खासगीपणा ही दोन वेगळी पानं आहेत असं ती तोवर समजत होती.

नंतरचे तीन आठवडे ती रोज दुपारी अर्धा तास त्या कक्षात बसली. फोन वाजला की दादा हात वर करत आणि ती थांबे. काही पानांवर मराठी मजकूर असूनही यंत्र गप्प बसायचं, किंवा इंग्रजी उच्चारात काहीतरी पुटपुटायचं. कंपनीच्या तरुणाने पाहिलं तेव्हा कळलं की पानाच्या मुळाशी भाषा ‘इंग्रजी’ अशी नोंदलेली आहे. एका छोट्या खुणेने ती ‘मराठी’ केली आणि सव्वाशे पानांना वाचा फुटली. जुन्या जाहिराती युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये होत्या. डोळ्यांना ते नीट मराठी दिसे, पण आत साठवलेली होती रोमन अक्षरं आणि चिन्हं. यंत्र तीच वाचत असे, आणि ऐकणाऱ्याच्या पदरी काही पडत नसे. ‘नवीन’ म्हणून लुकलुकणारी चित्रं काढली. मुख्य पानावरची केशरी अक्षरं पांढऱ्यावर होती. उजळपणाच्या फरकाचं प्रमाण मोजलं तर २.१ आलं, आणि जगभर मानल्या जाणाऱ्या निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ लागतं. केशरी रंगावरून मात्र वर बरीच चर्चा झाली. शेवटी अक्षरं गडद निळी झाली आणि केशरी पट्टी बाजूला राहिली.

त्या तरुणाचं इथे नाव घ्यायला हवं होतं, पण ते देत नाही. पहिल्या दिवशी ‘कुठूनतरी उचलून टाकू’ म्हणणारा तो, दादांच्या कक्षातल्या बैठकांच्या चौथ्या दिवशी स्वतःच्या लॅपटॉपचा पडदा बंद करून, एनव्हीडीए लावून, आपण बांधलेला अर्ज भरायचा प्रयत्न करत होता. त्याला तो भरता आला नाही. त्यानंतर त्याला काही सांगावं लागलं नाही.

यातलं काहीच नव्याने शोधून काढलेलं नव्हतं. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्याखालच्या २०१७ च्या नियमांत संकेतस्थळावरचे दस्तऐवज यंत्राला वाचता येतील अशाच स्वरूपात असावेत असं लिहिलं आहे. पण ते बंधनकारक आहे की नुसता सल्ला, यावर कार्यालयं वर्षानुवर्षं रेंगाळली. राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल आला. कायदा सक्ती सांगतो आणि नियम मात्र शिफारशीच्या भाषेत बोलतात, म्हणून नियम १५ मधली तरतूद कायद्याशी विसंगत आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि बंधनकारक मानकं वेगळी काढायला सांगितली. म्हणजे तिथेही मूळ प्रश्न क्रियापदाचाच होता: ‘करावे’ की ‘केलेच पाहिजे’?

पुढच्या वर्षी, ३० एप्रिल २०२५ रोजी, न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि आर. महादेवन यांच्या पीठाने आणखी एक निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि इतर, तसंच दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या त्या याचिका होत्या. बँकेत ओळख पटवताना पडद्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असं यंत्र सांगतं. ज्यांच्या पापण्याच ॲसिडने गेल्या त्यांनी काय करायचं? डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि वीस निर्देश दिले. ती बातमी तिने दादांना वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘‘आमच्या पेन्शनवाल्यांना पण चेहरा दाखवून हयातीचा दाखला द्यायची सोय झालीय ना? चांगली आहे. फक्त मोबाइल चेहऱ्यासमोर बरोबर आहे की नाही, हे बोलून सांगायला हवं त्याने. मी कधी कपाळ दाखवतो, कधी छत.’’

शेवटी सुगम्यतेचं पान लिहायला घेतलं. जुन्या पानावर होतं: ‘हे संकेतस्थळ सर्व नागरिकांसाठी सुगम्य असून दिव्यांग व्यक्तींना आवश्यक त्या सर्व सुविधा उपलब्ध करून देण्यात आल्या आहेत.’ तिने लिहिलेल्या पानात काय चालतं ते आधी होतं, आणि मग काय चालत नाही तेही होतं. २०१४ पूर्वीचे ठराव आणि अधिसूचना स्कॅन केलेल्या आहेत, स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत. विकास आराखड्याचे नकाशे फक्त चित्ररूपात आहेत. कर भरण्याच्या पानावरून पुढे बँकेच्या पानावर जावं लागतं आणि ते महापालिकेच्या हातात नाही. यातलं काही हवं असेल तर या क्रमांकावर कळवा, सात कामाच्या दिवसांत ते वाचता येईल अशा रूपात दिलं जाईल.

उपायुक्तांच्या दालनात ते पान अडकलं. ‘‘हे म्हणजे आपणच लिहून द्यायचं, की आम्ही कायदा पाळत नाही?’’ प्रश्न रास्त होता. ती उत्तर शोधत होती, तेवढ्यात विधी अधिकारी बोलले, तेच, अस्वीकृतीवाले. ‘‘मॅडम, आत्ता जे लिहिलंय ते खोटं आहे आणि ते तपासायला कुणालाही दोन मिनिटं लागतात. खोट्याचा बचाव मला करता येणार नाही. उणीव आहे, मुदत ठरवली आहे, माणूस नेमला आहे, याचा बचाव मी करू शकतो.’’ उपायुक्तांनी विचारलं, ‘‘माणूस कोण नेमलाय?’’ पानावर क्रमांकाची जागा मोकळी होती. पेन्सिलीच्या सत्तेचाळीस प्रश्नांतला तो शेवटचा उरला होता.

दूरध्वनी कक्षातल्या दादांनी तो क्रमांक आपल्या टेबलावर घ्यायचं कबूल केलं. कार्यालयीन आदेश निघाला, त्यात त्यांच्या पदनामासमोर ‘सुगम्यता संपर्क’ असं लिहिलं गेलं. संगणक विभागातला एक लिपिक त्यांच्या मदतीला जोडून दिला. बंधन एकच: मागणी आली की नोंदवहीत तारीख, काय हवं, कुणाकडे दिलं आणि कधी पूर्ण झालं, एवढं लिहायचं.

संकेतस्थळ एका सोमवारी सुरू झालं. तळाची पट्टी तशीच आहे, अक्षरं आता गडद आहेत. जुन्या लाभार्थी यादीच्या ज्या प्रती तोवर लोकांच्या फोनमध्ये गेल्या, त्या परत आणता येणाऱ्या नाहीत. त्या बाईच्या नावापुढचं ते वाक्य कुठे कुठे फिरत असेल, हा विचार तिला अजून रात्री सुचतो. नकाशांचं काम झालेलं नाही. त्यासाठी पैशांची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात मागितली आहे.

नवव्या दिवशी दादांचा फोन आला. ‘‘ताई, पहिली मागणी आलीय. एलएल.बी.ची विद्यार्थिनी आहे, माझ्यासारखीच. प्रभागांच्या हद्दीची २००७ ची अधिसूचना हवीय, चौदा पानं. लिपिक रजेवर आहे आणि ओसीआर मारला तर जोडाक्षरांचा पार चुराडा झालाय. सात दिवसांतला एक गेला.’’

तिचं महापालिकेचं काम संपलं होतं, बिलही निघालं होतं. तिने स्कॅन मागवून घेतला. पहिल्या पानावर शिक्का मजकुरावरच तिरका बसला होता, त्याखालची दोन गावठाणांची नावं भिंगातून वाचावी लागली. पूर्वेस ओढा, पश्चिमेस रेल्वेमार्ग, दक्षिणेस सर्व्हे नंबरांची रांग. रात्री साडेदहापर्यंत पाच पानं टाइप करून झाली.